गैरहजराची जागा

परवा नांदेडला आमच्या शाळेत प्रशिक्षण झालं. पडद्यावर मोठ्या अक्षरात ‘गटकार्यातून सर्जनशील विचार’ असं उमटलं आणि शर्टाला माइक लावलेल्या एका तरतरीत मुलानं आम्हा शिक्षकांचे पाच-पाच जणांचे गट पाडले. प्रत्येक गटाला जुनी वर्तमानपत्रं आणि चिकटपट्टी दिली. दहा मिनिटांत सर्वांत उंच मनोरा उभा करायचा. मी हात वर करून विचारलं, “गटातलं एखादं माणूस आलंच नसेल तर?”

तो हसून म्हणाला, “तर चौघांत करा मॅडम. काय फरक पडतो?”

त्याचं काही चुकलं नाही. पण मी खाली बसले आणि पुढची दहा मिनिटं माझ्याकडून कागदाची साधी सुरळीही नीट झाली नाही. मला सोनकांबळे सर आठवत होते. माझ्या माहितीत फरक पडतो असं मानणारा तो एकच माणूस होता.

किशन सोनकांबळे सर आणि मी, धोंडवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत चार वर्षं बरोबर होतो. लोह्याच्या पुढे लातूरकडे जाणाऱ्या बसनं फाट्यावर उतरायचं आणि दीड किलोमीटर चालायचं. दोन खोल्या, एक व्हरांडा, झेंड्याचा खांब, आणि वर्षातले आठ महिने कोरडा राहणारा हातपंप. सर मुख्याध्यापक आणि मी सहशिक्षिका, म्हणजे सगळा स्टाफ आला. सर तेव्हा पन्नाशीच्या पुढचे होते. उंच, किडकिडीत, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि बाही फक्त एकदाच दुमडलेली. शिक्षकाच्या खिशाला पेन असतो, सरांच्या खिशात सुतळीचा गुंडा असे आणि कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड. हजेरीवर सही करायची वेळ आली की ते माझ्याकडे हात पसरत. चार वर्षांत माझे किती पेन त्या सुतळीत गुंतून गेले ते मोजलं नाही.

त्यांच्याकडे शिट्टी नव्हती. जेवणाच्या डब्याचं स्टीलचं झाकण आणि चमचा, एवढ्यावर त्यांचं भागे. चमचा एकदा वाजला की काम सुरू, दोनदा वाजला की थांबायचं. मधल्या वेळात नियम एकच, “तोंड बंद, हात चालू.” त्याच्या पोटात आणखी एक नियम होता आणि तो मला सुरुवातीला शुद्ध वेडेपणा वाटला. ज्याला युक्ती सुचेल त्यानं ती स्वतःच्या हातानं करायची नाही. दुसऱ्याच्या हातानं करून घ्यायची, तीही न बोलता. मग पोरं डोळे फिरवत, हातवारे करत, एकमेकांच्या कोपराला धरून ओढत. हुशार पोराचा जीव नुसता वरखाली होई. सर भिंतीला टेकून झाकण छातीशी धरून बघत राहत. “आपल्याला सुचलेलं दुसऱ्याच्या हातून होताना बघणं लई अवघड असतं बाई,” ते मला म्हणाले होते. “तेवढं ज्याला जमलं त्याला गट जमला.”

पण त्यांची खरी खोड वेगळीच होती. आमच्या वाडीतली चार-पाच घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जात आणि होळीच्या पुढेमागे परत येत. पोरंही बरोबर जात. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे शून्यांची रांग लागे. सर मात्र गट पाडताना त्या पोरांची नावंही घेत. गेलेल्या पोराच्या वाटणीचं काम ठरे आणि ते तसंच सोडून दिलं जाई. चित्रातला एक तुकडा कोरा राही. दोरीला लटकवलेल्या गोष्टीत मधलाच एक कागद रिकामा राही, आणि ती गोष्ट राजाला विहिरीत सोडून चार महिने लोंबकळत असे. आमच्या शाळेत आलेल्या पाहुण्याला वाटे, यांना एकही काम तडीस नेता येत नाही. केंद्रप्रमुखांनी तर भेटीच्या वहीत ‘उपक्रम चांगले, परंतु अपूर्ण’ असा शेरा मारला होता. सरांनी तो वाचला आणि मला म्हणाले, “बघा, बरोबर लिहिलंय की.”

पहिल्या वर्षीचा पूल माझ्या चांगला लक्षात आहे. दोन बाकांमध्ये हातभर अंतर ठेवायचं, त्यावर पऱ्हाट्यांचा आणि सुतळीचा पूल बांधायचा आणि पुलावर वीट ठेवायची. पोरांनी तीन दिवस खपून तो बांधला. कापसाच्या वाळक्या काड्या त्या, वाकड्यातिकड्या. पण कोमल नावाच्या दुसरीतल्या पोरीनं एक काडी आडवी धरून सगळ्यांना अशी काही खूण केली की पुढचं काम सरळ झालं. एरवी ही पोरगी हजेरीलासुद्धा नुसती मान हलवायची. पूल झाला, फक्त मधली एक काडी राहिली. ती विष्णूची. विष्णू आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला होता. मी म्हटलं, “सर, एक काडीच तर आहे, लावू द्या ना.” सरांनी मान हलवली. वीट ठेवली आणि पूल बरोब्बर मधोमध मोडला. पोरं हिरमुसली.

“पडू द्या,” सर म्हणाले. “इष्णू न्हाई म्हणून पडला. आला की त्याला सांगू.”

होळीनंतर विष्णू आला. उन्हानं काळवंडलेला, पायात कुणाची तरी मोठी चप्पल. तो दारातच उभा होता आणि पोरं त्याच्यावर तुटून पडली, “इष्ण्या, तू नव्हतास, आपला पूल पडला ना!” मला वाटलं पोरगं कानकोंडं होईल. तर ते एवढं खूश झालं की तोंड लपवायला जागा सापडेना. आपण नसलो तर कुठेतरी काहीतरी पडतं, हे त्याला बहुधा पहिल्यांदाच कळत होतं. त्यानं दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि काड्या शोधायला बाहेर पळाला.

मला वाटायचं, सरांच्या या खोडीमागे काहीतरी गोष्ट असणार. लहानपणी हेही असेच कुठे कामाला जात असतील, परत आल्यावर यांची जागा कुणी घेतली असेल. एकदा मी विचारलंसुद्धा. ते म्हणाले, “न्हाई बाई. आमचे वडील तहसीलात शिपाई होते. आम्ही कुठंच गेलो न्हाई. वाड्यावस्त्या, मैतर, लोकच जात राहिले. मी आपला मागं राहणाऱ्यातला.” एवढं बोलून ते हातपंपाकडे गेले.

घरीही तेच होतं. एकुलता मुलगा पुण्याला कंपनीत. सुनेचं बाळंतपण म्हणून सरांची बायको सहा महिन्यांसाठी पुण्याला गेली, ते सहा महिने माझी बदली होईपर्यंत संपलेच नाहीत. आधी नातू, मग नातवाची शाळा. भांडण नव्हतं, काही नव्हतं. रोज फोन होई. सर लोह्यात भाड्याच्या खोलीत राहत आणि सकाळी उठून स्वतः भाकरी थापत. भाकरी एका बाजूनं नेहमी जळालेली असे.

त्या डब्याचीही एक गोष्ट आहे. शिक्षक मंडळींत जेवायला बसलं की डबे मध्ये ठेवायची रीत असते. सर मात्र पोरं खिचडीला बसली की त्यांच्या रांगेच्या टोकाला बसत आणि डबा स्वतःच्या मांडीवर ठेवत. मला कधीही ‘घ्या’ म्हणाले नाहीत. दोन महिने मला त्याचा रागच आला. गट गट करून आमचे कान किटवणारा माणूस, आणि भाजीचा एक घास पुढे करत नाही! आम्ही पाटील घराण्यातले, ते सोनकांबळे, म्हणजे बौद्ध. हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि ते बोलण्यातून कधी आलं नव्हतं. एक दिवस माझ्या डब्यातली भाजी सांडली होती. मी सरळ उठले, त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांच्या डब्यातला कारळाची चटणी लावलेला भाकरीचा तुकडा मोडून घेतला. सर जेवायचे थांबले. मग म्हणाले, “जळालीय ती बाजू. इकडून घ्या.”

बऱ्याच दिवसांनी त्यांनी सांगितलं, “पहिल्या शाळेत मी डबा पुढं केला होता. समोरचे गुरुजी म्हणले, आज उपास हाय. बुधवार होता. दुसऱ्या दिवशी बी त्यांचा उपासच निघाला. तवापासून मी डबा पुढं करत न्हाई. ज्याला यायचं त्यो येतो.” हे सांगताना ते हसत होते. मला मात्र त्या दोन महिन्यांची लाज वाटली.

सरांची कीर्ती केंद्रात बरीवाईट पसरली होती. एकदा शिक्षण परिषदेत त्यांना उपक्रम घ्यायला बोलावलं. तीसेक शिक्षक, वर पंखा, समोर चहा. सरांनी चार ज्येष्ठ गुरुजींचा एक गट केला आणि तुरीच्या काड्यांचा, तुराट्यांचा मनोरा करायला सांगितला. झाकण वाजलं. एक गुरुजी वैतागून म्हणाले, “ओ सोनकांबळे, आम्ही काय लेकरं हाव का?” सरांनी ओठावर बोट ठेवलं. वेळ संपली तेव्हा त्या गटापुढे चार मनोरे उभे होते, प्रत्येकाचा आपला आपला. सगळे पोट धरून हसले. कुणीतरी मागून विचारलं, “आन तुमी कोणत्या गटात हो सर?”

“मी वेळ लावणारा,” सर म्हणाले.

त्याही वेळी लोक हसले. मीही हसले. परत येताना त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसल्यावर माझ्या मनात आलं की हे खरंच आहे. इतक्या वर्षांत मी त्यांना कुठल्याही गटात बसलेलं पाहिलं नव्हतं. ते नेहमी भिंतीशी, झाकण छातीशी धरून.

आता माझ्या चुकीबद्दल सांगते. ती सांगितल्याशिवाय सर पुरे होणार नाहीत.

दुसऱ्या वर्षी सरांनी गावाचा नकाशा काढायला घेतला. खताची रिकामी पोती उसवून, जोडून, आडवी भिंतभर पसरली. सुती पोती नाहीत, प्लास्टिकची होती, म्हणून वर गोणपाटाचा थर शिवला. त्यावर जुन्या कपड्यांचे तुकडे लावायचे. प्रत्येकानं आपलं घर आणि घरापासून शाळेपर्यंतची आपली वाट शिवायची, दाभणानं आणि जाड दोऱ्यानं. मधली शाळा सगळ्यांनी मिळून आधीच केली होती, पांढऱ्या गणवेशाच्या जुन्या शर्टाची. पटावर चौदा पोरं होती, त्यातली पाच ऊसतोडीला गेलेली. सर मला म्हणाले होते, “बाई, तुम्ही बी बसा.” मी म्हणाले, “नंतर बसते.” मला ऑनलाइन माहिती भरायची होती. त्या वर्षी मला सदान्‌कदा माहिती भरायची असे.

नऊ पोरांनी नऊ घरं केली. काय एकेक घर! कुणाच्या घरापुढे ट्रॅक्टर, कुणाच्या वाटेवर कुत्रं, आणि एकाची वाट अशी गावभर फिरून शाळेत पोहोचत होती की तो रोज उशिरा का येतो त्याचा उलगडा झाला. पाच ठिकाणी नुसतं गोणपाट राहिलं. तेवढ्यात निरोप आला की नांदेडला शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन आहे आणि आमचा नकाशा त्यात ठेवायचा आहे. सरांनी शनिवारी तो गुंडाळून माझ्याकडे दिला, कारण माझं घर नांदेडला, सोमवारी मी तिथूनच परस्पर नेणार होते. खाली त्यांनी पुठ्ठ्यावर नाव लिहून दिलं होतं, ‘पंधरा जणांचं गाव’.

रविवारी मी तो घरी पसरला आणि मला ती पाच टकलं बघवेनात. परीक्षक काय म्हणतील? पुन्हा ‘अपूर्ण’? मी आणि लातूरहून आलेल्या माझ्या बहिणीनं बसून दिवसभरात ती पाचही घरं करून टाकली. माझ्या जुन्या ड्रेसची लाल उतरती छपरं, प्रत्येक दारात एक झाड, आणि झाडाला बारीक टिकल्यांचे आंबे. सुबक काम झालं. जाता जाता पुठ्ठ्यावरचं नावही नीट केलं. पटावर चौदा असताना सरांनी पंधरा लिहिलं होतं. मी मनात म्हटलं, सरांचं गणित कच्चं, आणि पेनानं पंधराचे चौदा केले.

दुसरा क्रमांक आला. प्रमाणपत्र, फोटो, गुच्छ. मी ढगात होते. सरांनी नकाशा पुन्हा भिंतीवर लावला, जरा वेळ बघत उभे राहिले आणि “शिवण चांगली हाय तुमची” एवढंच म्हणाले. मला वाटलं कौतुक करताहेत.

होळी झाली, पोरं परतली. कोमल त्या वर्षी आईबापाबरोबर गेली होती. ती आल्या आल्या नकाशाकडे धावली, बोटानं आपली गल्ली शोधत गेली आणि थांबली. तिच्या घराच्या जागी माझं लाल छपराचं घर होतं. कोमलच्या घरावर पत्रे होते, पत्र्यांवर दगड, आणि दारात झाडबिड काही नव्हतं, एक शेळी होती. ती वळून मला म्हणाली, “मॅडम, इथं कोण राहायला आलं?”

कधी न बोलणारी पोरगी माझ्याशी बोलली ती हे एवढंच. मी नुसती तिच्या केसांतून हात फिरवत राहिले आणि तिनं तो हलकेच बाजूला केला.

शाळा सुटल्यावर सर खिशातलं ब्लेड काढून नकाशापुढे बसले. एकेक टाका तोडत त्यांनी माझी पाचही घरं उसवली. मी शेजारी बसून तुकडे गोळा करत होते आणि माझे डोळे भरून येत होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. “बाई, तुम्ही चांगल्यासाठीच केलं,” ते म्हणाले. “पण लेकरू चार महिने परमुलखात असतं, त्याला तिकडं एकच गोष्ट म्हाईत असती, की आपली जागा मोकळी हाय. ती आपण भरायची नसती.” पुढच्या आठवड्यात चार पोरांनी आपापली घरं शिवली. कोमलची शेळी घरापेक्षा मोठी झाली. विष्णू मात्र त्या वर्षी आलाच नाही. त्याचे आईबाप कारखान्याकडेच राहिले असं कळलं. त्याची जागा तशीच राहिली.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. ऑनलाइन यादीत नांदेड शहरातली शाळा मिळाली. नवरा नांदेडला, घर नांदेडला, रोजची बसची दगदग संपली. मी पेढे वाटले. निघताना म्हटलं, “सर, मी येत जाईन अधूनमधून.” ते म्हणाले, “हाव, या की.” शाळेला कुलूप घालताना ते रोज एक गोष्ट करत. दार लोटायच्या आधी आत तोंड घालून मोठ्यानं विचारत, “कोण राहिलंय का आत?” मग लगेच कडी, कुलूप, आणि कुलपाला दोन हिसके. एकदा एक पोरगं बाकाखाली झोपून राहिलं होतं म्हणे, तेव्हापासूनची सवय. त्या दिवशीही त्यांनी तसंच विचारलं आणि मी व्हरांड्यात उभी राहून हसले.

गेले नाही मी. पन्नास किलोमीटरसुद्धा अंतर नाही, पण गेले नाही. सर दर शनिवारी मोबाइलवर एक फोटो पाठवत. मजकूर काही नाही. फोटोत चेहरेही नसत, फक्त काम करणारे हात. मातीतले, कागदावरचे, सुतळीतले हात. मी अंगठा पाठवून मोकळी होई. आधी त्या फोटोत बरेच हात असत. मग लोह्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी वाडीपर्यंत येऊ लागली आणि हात कमी होत गेले. आठ झाले, सहा झाले. माझी रिकामी झालेली शिक्षकाची जागाही भरली गेली नाही. एका शनिवारी फक्त दोन हात आले. एक लहान, बांगडी घातलेला, आणि दुसरा मोठा, एकदाच दुमडलेल्या पांढऱ्या बाहीतला. कोमलची धाकटी बहीण पायल तेवढी पटावर उरली होती, आणि एकटीचा गट होत नाही, म्हणून सर शेवटी गटात आले होते. मी तो फोटो बराच वेळ बघितला. आणि अंगठा पाठवला.

पुढच्या जूनपासून फोटो बंद झाले.

जुलैत मी लातूरला बहिणीकडे निघाले होते. बस त्याच रस्त्यानं जात होती. फाटा आला तशी मी काही ठरवलेलं नसताना उठले आणि कंडक्टरला म्हटलं, “थांबवा, इथं उतरायचंय.” वाट तीच होती, दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढं सोयाबीन. शाळा उघडी होती. आवाज नव्हता. सर टेबलाशी बसून शाळेच्या सामानाची, डेडस्टॉकची नोंदवही लिहीत होते. पाठीमागे सगळे बाक एकावर एक रचलेले.

“या बाई,” ते म्हणाले, जणू मी कालच गेले होते. “पेन आणलाय का? ह्यो चालंना झालाय.”

पायलला काकानं लोह्याला नेलं होतं. पट शून्य. शाळा बंद झाली होती आणि सरांना हदगावकडच्या एका शाळेत जायचा आदेश होता. उद्या रुजू व्हायचं. जूनमध्ये शाळा उघडल्यापासून, ते म्हणाले, रोज आलो, हजेरी मांडली, आणि बसलो. “झाकण वाजवून बघितलं एक-दोनदा,” ते म्हणाले, आणि मग दुसरंच काही बोलू लागले.

नकाशा भिंतीवर होता. रंग विटले होते, कोमलची शेळी मात्र ठणठणीत. विष्णूची जागा कोरी. आणि शाळेच्या पांढऱ्या व्हरांड्यासमोर खालपर्यंत गेलेली गोणपाटाची एक लांब पट्टी कोरी. मी ती पूर्वी शंभर वेळा पाहिली होती. मला ते रान वाटायचं.

“सर, इथे काहीच नाही लावलं?”

“ते रान न्हाई,” सर म्हणाले. “ती फाट्याची वाट हाय. तुमची. पोरांनी तवाच ठरवलं होतं, चौदा आपुन आन पंधराव्या मॅडम. तुम्ही म्हणलात नंतर बसते, म्हणून ठिवली.”

मी पंधराचे चौदा केले होते, स्वतःच्या हातानं.

सरांनी कपाटातून दाभण काढून दिलं आणि कापडाचं गाठोडं पुढे सरकवलं. मी माझ्या ओढणीचीच कड फाडली. सरांनी डब्याचं झाकण घेतलं, भिंतीला टेकले, आणि चमचा एकदा वाजवला. रिकाम्या खोलीत तो आवाज फार मोठा झाला. मी तोंड बंद ठेवून फाट्यापासून शाळेपर्यंतची वाट शिवली. टाके वेडेवाकडे पडले. डोळ्यांत पाणी असलं की शिवण सुबक होत नाही.

शेवटी मी विचारलं, “आणि तुमची जागा कुठंय यात?”

“माझी कशाला?” ते म्हणाले. “जागा जाणाऱ्याची ठिवत असतात.”

“उद्या तुम्ही जाताय.”

मी हात पुढे केला. खूप वेळानं त्यांना कळलं मी काय मागतेय ते, आणि त्यांनी खिशातलं ब्लेड माझ्या हातावर ठेवलं. मी शाळेच्या व्हरांड्याचा पांढरा तुकडा एका कडेनं उसवला, तळहाताएवढाच, जिथे ते झाकण घेऊन उभे राहत तिथला. खालचं गोणपाट उघडं पडलं. सर जवळ येऊन त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी झाकण दोनदा वाजवलं. वेळ संपली.

नकाशाची डेडस्टॉकमध्ये नोंद नव्हती, त्यामुळे तो कुणाच्या ताब्यात द्यायचा प्रश्न नव्हता. “राहू द्या इथंच,” सर म्हणाले. “कुणी आलं तर बघंल.”

मला बस गाठायची होती. मी पायऱ्या उतरून झेंड्याच्या खांबापर्यंत आले आणि मागे वळून पाहिलं. सरांनी दार अर्धं ओढलं होतं. आत तोंड घालून त्यांनी मोठ्यानं विचारलं, “कोण राहिलंय का आत?”

हे विचारून ते रोज लगेच कडी घालत. त्या दिवशी ते तसेच वाकून, कडीवर हात ठेवून थांबले. मी फाट्याच्या वाटेला लागून दोनदा वळून पाहिलं, तरी दार लागलं नव्हतं.